गच्चीवरच्या टाक्यांची फेरमोजणी

मी भिजले तेव्हा आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. अम्मानच्या जूनमध्ये तो नसतोच. टेकडीवरच्या वस्तीतून चढणाऱ्या कबुतरांच्या जिन्याच्या एकशे चाळिसाव्या पायरीवर मी नकाशा उघडून उभी होते, आणि वरून बदाबदा पाणी कोसळलं. डोक्यावरचा रुमाल, नकाशा, नवे बूट... सगळं एका दमात धुऊन निघालं.

वर पाहिलं तर गच्चीच्या कठड्यावरून एक माणूस वाकला होता. बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, केस विस्कटलेले.

"टाकीचा बॉल अडकला होता," तो म्हणाला. "आता सुटला."

"ते कळलं मला," मी म्हटलं.

"आज मंगळवार ना. आमच्याकडे मंगळवारी पाणी येतं. जाणती माणसं मंगळवारी भिंतीच्या कडेकडेनं चढतात."

"नकाशात तसं लिहिलेलं नाही."

"कुठल्या नकाशात?"

मी ठिबकणारा नकाशा उंच धरून दाखवला. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अर्ध्या मिनिटात तो टॉवेल घेऊन खाली आला, मला तो द्यावा की नकाशा पुसावा या विचारात घुटमळला, आणि शेवटी त्यानं नकाशाच पुसायला घेतला. तेव्हाच मी ओळखलं, हाच तो सिनान. या जिन्यावरच्या चारशे बारा घरांचा नकाशा वस्तीतल्या माणसांना हाताशी धरून करणारा मोजणीदार. आणि त्याचा नकाशा खरा की खोटा हे ठरवायला आमच्या संस्थेनं मला, म्हणजे मैसूनला, धाडलं होतं.

माझ्याविषयी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला तपासायला आवडतं. आमचे बाबा तीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासत होते, ते रक्तातच आलं असावं. आई वाढते त्या भातातही मला दोन त्रुटी दिसतात आणि मी त्या सांगते. म्हणून एकोणतिसाव्या वर्षीही माझं लग्न ठरत नाही, असं आईचं मत आहे. या मताला पुरेसा पुरावा नाही, असं माझं.

काम सरळ होतं. पाणीखात्यानं वस्तीला शब्द दिला होता की ज्या घरांकडे साठवणीला टाक्या कमी, त्यांना उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी देऊ. त्यासाठी नकाशात घरं हवीत, पायऱ्या हव्यात आणि प्रत्येक गच्चीवर किती टाक्या तेही हवं. पुढच्या गुरुवारी दुपारी बारापर्यंत तपासलेला नकाशा पोचला तर कबुतरांच्या जिन्याला दुसरा दिवस मिळणार, नाहीतर पुढच्या वर्षापर्यंत एकच मंगळवार. मी चिठ्ठ्या टाकून साठ घरं निवडायची, तिथं जाऊन पाहायचं, आणि साठातली चोपन्न जुळली तर सही करायची.

पहिल्या दोन दिवसांत मी तोंडात बोट घातलं. घरं तर बिनचूक होतीच, पण तुटलेल्या पायऱ्याही जिथल्या तिथं होत्या. एका पायरीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, "इथं अबू मिफ्लेह बसलेले असतात." मी गेले तर खरंच बसलेले. ऐंशीच्या घरातले म्हातारेबुवा, समोर कबुतरांना टाकलेले दाणे. ते म्हणाले की सिनाननं आपल्याला कायमची खूण म्हणून धरलंय, म्हणून हल्ली दुखलं तरी जागा सोडता येत नाही.

घोळ होता तो टाक्यांचा. नकाशात चार, गच्चीवर एक. नकाशात पाच, गच्चीवर दोन. गुरुवारी संध्याकाळी मोजलं तर साठातल्या एकोणीस घरांत टाक्या कमी निघाल्या, आणि गंमत म्हणजे जास्त कुठंच नाहीत. सगळे खोटे आकडे एकाच दिशेनं, वरच्या.

कारण मला उम्म राएदच्या घरी सापडलं. मी दार वाजवलं आणि "टाक्या पाहायच्यात" म्हणाले, तर बाईंनी मला बैठकीच्या खोलीत नेलं, पंखा लावला, आणि कॉफीचा ट्रे घेऊन मुलगी आली. लमीस तिचं नाव. दुपारच्या तीन वाजता काजळ, कानात झुमके, नवाकोरा पोशाख. ती समोर बसली आणि खाली मान घालून गालिचाकडे बघत राहिली. उम्म राएद सांगू लागल्या की लमीस वांगी भरते तशी अख्ख्या जिन्यावर कुणी भरत नाही. मी विचारलं की नकाशात चार टाक्या आहेत आणि गच्चीवर एकच दिसते, हे कसं? त्या म्हणाल्या, बाकीच्या तीन भावाकडे आहेत, पण आमच्याच आहेत. मग हळूच वाकून त्यांनी विचारलं, "इंजिनिअरच्या आत्यानं पाठवलं ना तुम्हाला? दुसऱ्यांदा बघायला?"

इंजिनिअर म्हणजे सिनान. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी वही काढून एकोणीस घरं परत पाहिली. एकोणीसच्या एकोणीस घरांत लग्नाची मुलगी होती.

शुक्रवार सुट्टीचा, पण मी सिनानला गाठलंच. तो गच्चीवर कबुतरांना दाणे टाकत होता. मी विचारलं, या घरांची पाहणी कुणी केली?

"वजीहाआत्यानं. माझी आत्या. सगळ्यांत मेहनती. का, काय झालं?"

"आत्या घरात जाऊन काय विचारायच्या?"

"जे फॉर्मात आहे ते. माणसं किती, खोल्या किती, टाक्या किती..."

"आणि तुमचं लग्न झालंय का?"

त्याच्या हातातले दाणे तिथंच राहिले. "हे... फॉर्मात आहे?"

"माझ्या फॉर्मात आहे," मी म्हटलं. "एकतीस वर्षांचा, नोकरीवाला, बिनलग्नाचा भाचा. त्याची आत्या पर्स लटकवून घराघरांत शिरते, बैठकीत बसते, आणि माणसं किती, खोल्या किती विचारते. मुलीच्या आईनं काय समजावं?"

तो मटकन टाकीच्या कट्ट्यावर बसला. मी त्याला आत्याची मूळ वही मागितली. 'शेरा' नावाचा रकाना त्यानं कधी वाचलाच नव्हता, आकडे तेवढे उतरवून घेतले होते. मी मोठ्यानं वाचायला लागले. घर सत्त्याऐंशी: "मुलगी उंच, पण सारखी खोकते." घर एकशे दोन: "हसरी, आई भांडकुदळ." घर दोनशे चौदा: "वांगी छान, मुलगी बोलतच नाही, सिनानला चालेल, तोही बोलत नाही." त्याचे कान लालबुंद झाले. मला हसू आवरेना आणि त्याला कुठं बघावं कळेना. मान्य करते, त्या कानांकडे मी कामापेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं.

मग हसणं थांबलं, कारण दोघांनाही एकदमच उमगलं. मुलींचा आब राखायला आयांनी टाक्या वाढवून सांगितल्या होत्या. हा नकाशा असाच गेला असता तर पाणीखातं म्हणालं असतं, या वस्तीत साठवण भरपूर आहे, दुसरा दिवस कशाला? आणि मी 'नापास' लिहिलं असतं तरी दुसरा दिवस गेलाच असता.

"माझी आई मंगळवारी पहाटे चारला उठते," सिनान म्हणाला. "सगळे कपडे, सगळी भांडी, सगळी जमीन त्या एका दिवसात. तिचे गुडघे गेलेत. मी हा नकाशा तिच्यासाठी करायला घेतला होता, मैसूनबाई. बाकी सगळं नंतर सुचलं."

मी सांगितलं की फेरमोजणीला नियमात जागा आहे. सगळ्या चारशे बारा गच्च्या, तोंडी उत्तरं नाहीत, प्रत्यक्ष टाकी बघून. बुधवारपर्यंत. तपासनिसानं हात लावायचा नाही, फक्त हजर राहायचं.

"म्हणजे तुम्ही काय करणार?"

"बघणार."

"मला?"

"टाक्यांना."

शनिवारपासून आम्ही गच्च्यांवर होतो. कबुतरांच्या जिन्यावर गच्च्या एकमेकींना इतक्या चिकटलेल्या आहेत की रस्त्यावर उतरायची गरजच पडत नाही. वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारत तो पुढं, मी मागं. तो टाकीवर टिचकी मारायचा, आवाज ऐकायचा, आकडा सांगायचा, मी मान डोलवायची. खालून सिलिंडर विकत फिरणाऱ्या गॅसच्या गाडीचं गाणं यायचं. कुणी ना कुणी मरमिय्याची सुगंधी पानं घातलेला चहा वर पाठवायचं. संध्याकाळी वारा सुटला की समोरच्या टेकडीवरची घरं पिवळी व्हायची, आणि तो मोजता मोजता थांबायचा. मग मलाही थांबावं लागायचं, कारण मी हजर राहायला बांधील होते.

"कबुतरं पाळणाऱ्याची साक्ष काझीसुद्धा धरत नाही म्हणतात," मी एकदा त्याला छेडलं. "दुसऱ्याचं कबूतर आपल्यात आलं तर तो आपलंच म्हणतो. तुमच्या आकड्यांवर मी विश्वास का ठेवू?"

"नका ठेवू. जवळ येऊन बघा." तो टाकीमागं सरकला आणि जागा करून दिली. जागा फारच थोडी होती. मी जाऊन बघितली. टाकी एकच होती. तरी मी दोनदा मोजली.

उम्म राएदच्या गच्चीवर त्याला चाराच्या जागी एक लिहायचा होता. खाली लमीस कान देऊन उभी आहे हे आम्हाला दिसत होतं. त्यानं आकडा लिहिला, मग जिन्यात जाऊन उम्म राएदना मोठ्यानं सांगितलं की ज्या घरात एकच टाकी आहे आणि तरी अंगण एवढं लखलखीत, त्या घरच्या मुलीनं पाणी कसं पुरवायचं ते सगळ्या जिन्याला शिकवावं. बाई फुलून गेल्या. तासाभरात जिन्यावर बातमी पसरली की कमी टाक्यांचं घरच आता मानाचं, आणि दोन बाया आपली खरी टाकीसुद्धा चादरीखाली लपवताना सापडल्या. सिनाननं चादरी उचलून त्याही मोजल्या.

तेव्हाच मला तो आवडला. मी हे लगेच ओळखलं, कारण ओळखणं माझं कामच आहे. आणि लगेच घाबरलेही.

सोमवारी, दोनशे नव्वदाव्या गच्चीवर, तो म्हणाला, "मैसून... एक सांगायचं होतं."

नावापुढचं 'बाई' गळून पडलं होतं. मी हात वर केला.

"गुरुवारी. बारानंतर."

"तुम्हाला माहीत तरी आहे का काय ते?"

"म्हणूनच म्हणते. तुम्ही बोललात आणि मी ऐकलं, तर माझ्या सहीला काडीची किंमत राहणार नाही. तपासणाऱ्या बाईचं आणि नकाशावाल्याचं जमलंय, म्हणतील, आणि खरंच म्हणतील. दुसरा तपासनीस महिन्यानं मिळेल. तुमच्या आईचा दुसरा दिवस गेला."

त्यानं वही मिटली. "आणि नुसतं बघितलं तर?"

"त्याला नियम नाही," मी म्हटलं.

मंगळवारी वजीहाआत्या फेरमोजणीची वही बघायला म्हणून आल्या आणि 'शेरा' रकान्यात काहीतरी खरडून गेल्या. घर नंबर नव्हता. लिहिलं होतं: "सावळी, एका दमात जिना चढते, तोंडावर खरं बोलते. हीच." सिनाननं ते पान माझ्यापासून लपवायचा प्रयत्न केला. मी तपासनीस आहे, मला सगळी पानं बघावी लागतात.

बुधवारी दुपारी चारशे बारावी गच्ची झाली. सगळं जुळलं. मी घरी येऊन अहवाल लिहायला बसले, आणि पाचच्या सुमारास आमच्या दारात बावीस माणसं उभी राहिली.

सगळ्यांत पुढं अबू मिफ्लेह, काठी टेकत, पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात. मागं जिन्यावरचे सगळे मानाचे पुरुष. आणि गल्लीच्या तोंडाशी वजीहाआत्या, पर्स छातीशी धरून. मागणी घालायला आले होते. बाबांना काहीच ठाऊक नव्हतं, पण दारी आलेल्यांना आत घेणं भाग होतं. आई दिवाणाखालच्या चांगल्या कपांकडे धावली. मी दाराआड उभी राहून कपाळाला हात लावला.

बाबांनी कॉफी दिली. अबू मिफ्लेहनी कप घेतला, न पिता समोरच्या तिपाईवर ठेवला, आणि घसा खाकरून म्हणाले, "आमचं मागणं पुरं होईस्तोवर ही कॉफी आम्ही पिणार नाही."

या कपाचा अर्थ आमच्याकडे पोराबाळांनाही कळतो. पाहुण्यानं कॉफी प्याली म्हणजे सोयरीक झाली. न पिताच उठला तर यजमानाचं नाक कापलं. मधली वाट नाही.

तेवढ्यात सिनान धापा टाकत आला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शर्टाला टाकीचा गंज, केसांत कबुतराचं पीस. तो दारातूनच म्हणाला, "काका, पिऊ नका. कृपा करून पिऊ नका." बावीस माणसांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. आपल्याच मागणीला नवरदेव नको म्हणतो हे जिन्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

आता मला बाहेर यावंच लागलं. मी म्हटलं, "काका, उद्या बाराच्या आत तुम्ही ही कॉफी प्यालात, तर मी सिनानच्या घराशी बांधली गेले. मग माझी सही चालणार नाही, आणि तुमचं दुसरं पाणी गेलं. तुम्हीच सांगा, काय करायचं?"

मग मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं की आपण सहज इकडून जात होतो, बसून निघू. दुसरा म्हणाला, हो हो, वाटेतच होतं. अबू मिफ्लेहनी दोघांकडे असं पाहिलं की ते गप्प झाले. म्हाताऱ्यांची पंचाईत खरी होती. शब्द टाकलेला, तो मागं घ्यायचा तर मुलीचा अपमान.

सोडवलं बाबांनी. ते उठले, आतून बशी आणली आणि कपावर झाकली. "कप इथंच राहील," ते म्हणाले. "तुम्ही उठला नाहीत आणि प्यालाही नाहीत. उद्या दुपारी याच जागी बसा. तोवर मला माझ्या मुलीला विचारू द्या." तीस वर्षं फुकट्या प्रवाशांना शांतपणे उतरवलेला माणूस. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

त्यांनी मला विचारलं नाही. फक्त जेवताना म्हणाले, "त्याच्या केसांतलं पीस त्याला सांगायला हवं होतं कुणीतरी."

गुरुवारी सकाळी नऊला मी इन्शिराह मॅडमसमोर उभी राहिले. आमच्या प्रमुख. अहवालाच्या शेवटच्या पानावर छापील प्रश्न होता, तपासनिसाचं नकाशा करणाऱ्यांपैकी कुणाशी काही नातं आहे काय? आजवर शंभर अहवालांत मी तिथं 'नाही' लिहिलं होतं. आज लिहिलं: "आमच्या घरी न प्यालेली कॉफी झाकून ठेवली आहे. याहून जास्त अद्याप नाही."

मॅडमनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "आणि तुझं उत्तर काय असणार आहे?"

"ते बारानंतर, मॅडम."

"मला आत्ता हवंय. नातं आहे की नाही ते मला लिहायचंय."

खोटं बोलता येत नाही हा माझा दोष तेवढा खरा. "हो," मी म्हटलं. "माझं उत्तर 'हो' असणार आहे. मला तो फार आवडतो. त्यानं नकाशा चोख केलाय आणि... त्याच्यासोबत गच्चीवर उभं राहिलं की मला कशातच चूक दिसत नाही. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका."

मागं कागद पडल्याचा आवाज झाला. सिनान नकाशाची गुंडाळी द्यायला आला होता आणि दारात उभा होता. नकाशा त्याच्या पायाशी उलगडत खोलीभर पसरला.

मॅडमनी सही बाद केली. त्यांना करावीच लागली. मी म्हटलं, अजून पावणेतीन तास आहेत, तुम्ही स्वतः चला. कुठलीही बारा घरं तुम्ही निवडा, आम्ही पाऊल टाकणार नाही. मॅडम आठ वर्षांत टेबलामागून उठून कुठं तपासायला गेल्या नव्हत्या, आणि त्यांच्या पायात उंच टाचा होत्या. त्यांनी जिन्याचा आकडा विचारला. सिनान म्हणाला, तीनशे अठरा पायऱ्या. मॅडमनी मोठा श्वास घेतला आणि पर्स उचलली.

आम्ही तिघं, मी, सिनान आणि वजीहाआत्या, पहिल्या पायरीवर बसून राहिलो. आत्यांची जपमाळ तेवढी फिरत होती. सिनाननं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. साडेअकराला वरून बायकांचा गलका ऐकू आला, मग मॅडम दिसल्या. अनवाणी, बूट हातात, चेहरा टोमॅटोसारखा.

"बारापैकी बारा," त्या म्हणाल्या. "टाकी न् टाकी. पण चार ठिकाणी कॉफी प्यावी लागली, आणि तिघींनी मला मुली दाखवल्या. मला मुलगा नाही हे ऐकायलाच कुणी तयार नाही." त्यांनी नकाशा माझ्या पाठीवर ठेवून सही केली. पावणेबाराला सिनान तो घेऊन पाणीखात्याकडे पळाला. पाच मिनिटं राखून पोचला.

दुपारी दोनला तीच बावीस माणसं आमच्याकडे बसली. आईनं ताजी कॉफी पुढं केली. अबू मिफ्लेहनी हात आडवा धरला. शब्द जिच्यावर टाकला तीच कॉफी प्यायला हवी, म्हणाले, नवी प्यालो तर ती नुसती कॉफी होईल. त्यांनी बशी काढली. वर तवंग धरला होता. म्हाताऱ्यानं डोळे मिटले, आणि आदल्या दिवसाची गार कडू कॉफी गाळापर्यंत पिऊन टाकली. त्यांचा चेहरा असा झाला की बाबांनी घाईनं खजूर पुढं केले.

मग सगळे उठून एकमेकांना मिठ्या मारू लागले, बाहेर आत्यांनी आनंदाची आरोळी ठोकली, आणि त्या गडबडीत सिनान स्वयंपाकघराच्या दारापाशी आला. आज केस भिजवून विंचरलेले.

"आता बारा वाजून गेले," तो म्हणाला.

"हो."

"सोमवारी जे सांगायचं होतं... तीन दिवस रोज मनात घोटत होतो. आणि तू ते सकाळी मॅडमना सांगून मोकळी झालीस. मला नाही, मॅडमना."

"त्यांनी विचारलं होतं."

"मी विचारतो. मलाही एकदा सांग."

मी म्हटलं, एकच अहवाल मी दोनदा देत नाही. तो दाराला टेकून नुसता माझ्याकडे बघत राहिला, गच्चीवर बघायचा तसा, आणि त्याचे कान पुन्हा लाल होऊ लागले. बाहेर आई मला हाका मारत होती.

मग मी दिला. जवळ जाऊन, हळू आवाजात, त्याला एकट्याला... आणि या खेपेला त्यात पुष्कळ वाढवून सांगितलं.